क्योतोहून नारा, एका दिवसात: सासू-सासरे आणि सात वर्षांची लेक सोबत. सल्ला हवाय

जाईजुई
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जपानला निघालोय. मी, नवरा, लेक आणि सासू-सासरे. मुक्काम क्योतो स्टेशनजवळ आहे. एक अख्खा दिवस सगळ्यांनी मिळून फिरायचं ठरलंय. नवऱ्याने कुठूनसा एक कार्यक्रम शोधून काढलाय: सकाळी फुशिमी इनारीचं देऊळ, दुपारी नारा, संध्याकाळी अराशियामाचं बांबूचं बन. मला तो वाचूनच दम लागला.
सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढ-पायऱ्या जपूनच. शिवाय त्या पक्क्या शाकाहारी, अंडंही चालत नाही. सासऱ्यांना इतिहासाची आवड आहे. लेकीला फक्त नाराच्या उद्यानातली हरणं हवीत. काय ठेवू, काय गाळू?

जुना_फिरस्ता
अराशियामा आधी काटा. नारा क्योतोच्या दक्षिणेला, अराशियामा पश्चिमेच्या टोकाला. त्या दिवसांत सूर्य पाचच्या आत मावळतो, म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा बांबूच्या बनात अंधार आणि माणसांची पाठ एवढंच दिसेल. इनारी मात्र ठेवता येईल. जेआरच्या (जपान रेल्वेच्या) नारा मार्गावर क्योतोपासून दुसरंच स्टेशन, आणि बाहेर पडलं की समोरच देऊळ. फक्त साधी लोकल पकडा, जलद गाडी तिथे थांबत नाही.

ओसाकाकर
जुना_फिरस्ता यांच्याशी अराशियामापुरता सहमत, इनारीपुरता नाही. त्या लाल तोरी-कमानी डोंगरावर चढत जातात. 'थोडंसंच वर जाऊ' म्हणत माणूस पायऱ्यांना लागतो आणि गुडघेवाल्या व्यक्तीला खाली एकटं बसावं लागतं. इनारी रात्रंदिवस उघडं असतं. तुम्ही दोघं एखाद्या दिवशी उजाडताना जाऊन या, आजी-आजोबा आणि नात झोपलेले असतील तेव्हा.
हा दिवस पूर्ण नाराला द्या. क्योतोहून किंतेत्सु या खासगी रेल्वेची लिमिटेड एक्स्प्रेस घ्या. तिकिटावर थोडे जास्त पैसे पडतात, पण जागा आरक्षित असते आणि साधारण ३५ मिनिटांत थेट पोचता. जेआरची मियाकोजी जलद गाडी पाऊण तास घेते, तिला जादा आकार नाही. पण किंतेत्सु नारा स्टेशन उद्यानाला बरंच जवळ आहे आणि आजींसाठी तेच महत्त्वाचं. जेआर पास काढला असेल तरी तो किंतेत्सुवर चालत नाही. नुसत्या या भागासाठी काढणार असाल तर काढूच नका, २०२३च्या ऑक्टोबरमध्येच सात दिवसांचा पास ५०,००० येनचा झाला होता. लेकीला अर्धं तिकीट.

रानवारा
आधी तोदाईजी हे महाबुद्धाचं मंदिर, मग हरणं. लेक ऐकणार नाही, पण प्रयत्न करा. महाबुद्धाचं सभागृह नोव्हेंबरपासून सकाळी ८ ला उघडतं आणि ५ ला बंद होतं. दहानंतर शाळेच्या सहलींची रांग लागते.
सासऱ्यांसाठी: दक्षिण महाद्वारात दोन्ही बाजूंना आठ मीटरहून उंच लाकडी द्वारपाल आहेत, १२०३ सालचे, उन्केई आणि काईकेई या शिल्पकारांच्या कार्यशाळेतले. लोक मान वर न करता सरळ पुढे जातात, तुम्ही थांबा. आत पंधरा मीटरचा कांस्य बुद्ध. त्याचे डोळे उघडण्याचा विधी ७५२ साली झाला आणि तो केला भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूने! कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेले लोक त्या धरून विधीत सामील झाले, असं सांगतात. आताचं सभागृह १७०९चं आहे. आगींनंतर पुन्हा बांधताना ते मूळच्यापेक्षा अरुंद केलं, तरी बघून डोळे विस्फारतात.
सासूबाईंसाठी: बाहेर पडताना दाराजवळ लाल टोपी-उपरणं घातलेली एक झिजलेली लाकडी मूर्ती आहे, बिन्झुरु. म्हणजे बुद्धाचे शिष्य पिंडोल भारद्वाज. आपलं जे दुखतं, तिथे मूर्तीला हात लावायचा आणि मग स्वतःला. मूर्तीचे गुडघे हातांनी गुळगुळीत झालेत.

चकली
हरणांबद्दल मी सांगते, कारण फोटोत दिसतात तेवढी ती साधी नाहीत. बिस्किटं (शिका सेनबेई) उद्यानातच विकत मिळतात, तांदळाच्या कोंड्याची. बाकी काही घालू नका. हरीण मान लववतं, की बिस्किट लगेच द्यायचं. फोटोसाठी हात वर करून झुलवत ठेवलं की ते मागून ढुशी देतं, नाहीतर कोटाचं टोक चावतं. गठ्ठा आईने पर्समध्ये ठेवावा आणि लेकीला एकेक द्यावं. संपली की दोन्ही रिकामे तळवे दाखवायचे, बहुतेक वेळा निघून जातात. नकाशा, तिकीट असा कागद खिशातून डोकावू देऊ नका, खाऊन टाकतात. शरद ऋतूत नर जरा तापट असतात, मोठ्या शिंगवाल्यापासून लांब.
आणि एक: उद्यानात डबा उघडू नका!! दशम्यांचा वास त्यांना माणसांपेक्षा आधी लागतो.

जाईजुई
चकली, हसून पुरेवाट :) दशम्या नेणारच होते. मग खायच्या कुठे? आणि बाहेरचं सासूबाईंना काय चालेल?

ओसाकाकर
डबा उद्यानात शिरण्याआधी, स्टेशनच्या बाजूला कुठे बाक सापडेल तिथे. चालता चालता खाणं इथे बरं दिसत नाही. कचरापेटी क्वचितच दिसते, म्हणून रिकामी पिशवी जवळ ठेवा.
बाहेरच्या खाण्यात खरी अडचण दाशीची. मासे सुकवून केलेला तो अर्क उदोनच्या (जाड नूडल्सच्या) रश्शात असतो, भाजीत असतो, अगदी इनारीझुशीची (भात भरलेली) टोफूची पिशवीही बहुधा त्यातच शिजवलेली असते. 'मांस नाही' एवढं विचारून भागत नाही, दाशीचं वेगळं विचारा. नारातल्या सान्जो रस्त्यावर नाकातानीदो नावाचं मोचीचं (चिकट तांदूळ कुटून केलेल्या गोळ्यांचं) दुकान आहे. लाकडी उखळात दोघं जण वेगाने हातोडे घालतात, लेक तिथून हलणार नाही. योमोगी नावाच्या हिरव्या पाल्याची मोची, आत लाल चवळीचं गोड सारण, वर सोयाबीनचं पीठ. आजींना चालेल, पण घास छोटे द्या. मोची चिकट असते आणि वयस्करांच्या घशात अडकते, जपानी लोकही त्याबाबत जपतात.
थंडीत व्हेंडिंग मशीनमध्ये लाल पट्टीखालच्या बाटल्या गरम असतात, निळ्याखालच्या गार.

जुना_फिरस्ता
बरं, इनारी सोडलं. पण येताना वाटेत उजी गावाला उतरता येईल ना? जेआरची मियाकोजी गाडी तिथे थांबते. दहा येनच्या नाण्यावर ब्योदोइन मंदिराचं जे सभागृह आहे, १०५३चं, ते तिथलंच. रस्ता बराचसा सपाट. लेकीच्या हातात नाणं द्या आणि ताडून बघायला सांगा.

रानवारा
उजी सुंदर आहे, पण वेगळ्या अर्ध्या दिवसाला. दुपारी आजी दमल्या तर सरळ परत फिरता यायला हवं. त्यापेक्षा कासुगा मंदिरातले दगडी-कांस्य कंदील दाखवा, जवळपास ३,००० आहेत. चालत जायचा रस्ता खडीचा आणि हलक्या चढाचा आहे, म्हणून टॅक्सी किंवा मंदिरापर्यंत जाणारी बस. टॅक्सीचं दार आपणहून उघडतं, ओढू नका. कोफुकुजी मंदिराच्या पाच मजली पॅगोड्याची मात्र सध्या आशा धरू नका, दुरुस्तीसाठी झाकलाय.

जाईजुई
ठरलं. सकाळी किंतेत्सु, तोदाईजी, हरणं, मोची. कासुगा सासूबाईंच्या मूडवर. उजीचं नवऱ्याला कळवलंय, तो दुसऱ्या दिवशीच्या यादीत घुसवायच्या बेतात आहे. शेवटचं: सासूबाईंना भारतीय पद्धतीचं स्वच्छतागृह चालत नाही, गुडघ्यांमुळे. तिथे कसं असतं?

चकली
स्टेशनमध्ये आणि तोदाईजीच्या आसपास कमोड मिळतील. जुन्या ठिकाणी काही खोल्या खाली बसायच्या असतात, दारावर चित्र असतं, बघून शिरा. निघताना किंतेत्सु स्टेशनवर सगळ्यांना एकदा नेऊन आणा.