विनॉक्सिश्वसन आणि किण्वन एकच का?

धागा
पेशी ग्लुकोजमधून ऊर्जा कशी मोकळी करते यावरच्या लेखाचा अनुवाद करतेय. एका वाक्यापाशी दोन दिवस अडलेय. आशय असा: काही जीवाणू ऑक्सिजनशिवाय श्वसन करतात, यीस्ट ऑक्सिजन नसताना किण्वन करतं, आणि या दोन गोष्टी वेगळ्या. पण शाळेत 'विनॉक्सिश्वसन' शिकलो ते यीस्टच्याच उदाहरणावरून! आता तोच शब्द जीवाणूंना लावला तर वाचक गोंधळेल. काय करावं?

प्रतिसाद १
फरक खरा आहे. ग्लुकोज फुटून पायरुव्हेटचे दोन रेणू होईपर्यंत वाट एकच, पदरात निव्वळ २ एटीपी (पेशी ऊर्जा ज्या रूपात वापरते तो रेणू). ऑक्सिजन असला की पायरुव्हेट तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) शिरतं आणि हिशेब ३० ते ३२ वर जातो (जुन्या पुस्तकांत ३८). तुमचे जीवाणू शेवटी ऑक्सिजनऐवजी नायट्रेटला किंवा सल्फेटला इलेक्ट्रॉन देतात, म्हणजे इलेक्ट्रॉनांची साखळी चालूच राहते. किण्वनात ती साखळी नसतेच. पायरुव्हेटपासून लॅक्टिक आम्ल किंवा अल्कोहोल होतं ते एवढ्यासाठी, की पुढचं ग्लुकोज फोडायला लागणारं एनएडी (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू) परत मोकळं व्हावं. दोन्ही शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे फोड करून सांगा.

प्रतिसाद २
'विनॉक्सि' मला कधीच पचला नाही. संस्कृत 'विना'ला ग्रीक 'ऑक्सि'शी संधी करून बांधलंय. 'अवायवीय' काय वाईट होता?

प्रतिसाद ३
अहो, नायट्रोजनही वायूच ना? मुळात पाश्चरनेच १८६० च्या दशकात हे शब्द हवेवरून घडवले, तीच ढिलाई आपण का उचलायची? 'विनॉक्सि' निदान नेमकं सांगतो काय नाही ते. वर्गात एकदा सांगितला की मुलं विसरत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद ४
मला 'किण्वन'च परका वाटतो. 'आंबणे' हा आपला शब्द असताना? माझी आजी दिवसभर राबून संध्याकाळी पाय पसरून बसायची आणि म्हणायची, "अंग आंबून गेलं गं." स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं हे भाषेला आधीच कळलं होतं असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद १
व्युत्पत्ती गोड आहे, पण टिकत नाही. जोराचा व्यायाम थांबला की तासाभरात लॅक्टेट बरंचसं निघून जातं. दुसऱ्या दिवशीचा ठणका स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचा.

प्रतिसाद ४
आजी दुसऱ्या दिवशी नाही, त्याच संध्याकाळी म्हणायची.

प्रतिसाद ५
आमच्याकडे 'पाय आंबले' म्हणजे फार वेळ उभं राहून जड झाले, बधिरल्यासारखे. दुखणं त्यात नाहीच. आंबटपणाशी संबंध असेल तर तो जिनसेला नरमपणा येतो, जोम जातो, त्या अर्थाने असावा.

धागाकर्ती
सगळं वाचलं, आभार. तूर्त जीवाणूंसाठी 'ऑक्सिजनविरहित श्वसन' आणि यीस्टसाठी 'किण्वन' लिहिलंय.

प्रतिसाद २
'विरहित' कशाला? 'ऑक्सिजनविना श्वसन' लिहा, बोलल्यासारखं वाटेल.

प्रतिसाद ३
म्हणजे 'विना' आलाच की! संधी तेवढा राहिला.

प्रतिसाद ५
आंबण्याचं राहिलंच. 'डोकं आंबलं' कोणी ऐकलंय का? तिथे तर स्नायूंचा प्रश्नच येत नाही.