ऋण संख्या आल्या की समीकरण चुकतं. सातवीसाठी सराव कसा घ्यावा?

पाटीपेन्सिल:
मुलगी सातवीत आहे. क्ष + ७ = १२ झटकन सोडवते, पण ५ − २क्ष = १३ दिलं की क्ष = ४ लिहिते. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हे तिला पाठ आहे. नेमकं काय करून घेऊ?

उकल:
घोळ त्या पाठ केलेल्या वाक्यातच आहे. ५ उजवीकडे नेला, −२क्ष = ८ आलं, इथवर ठीक. मग −२ नेतानाही ती चिन्ह बदलते आणि ८ ला २ ने भागते. चिन्ह बदलतं ते बेरीज-वजाबाकीत असलेल्या पदाचं. −२ तर क्षला गुणलेला आहे. तो पलीकडे भागायला जातो, आपल्या वजा चिन्हासकट.

काही दिवस ‘पलीकडे नेणं’ बंदच ठेवा. दोन्ही बाजूंना काय केलं ते दर पायरीला समासात लिहायला सांगा:

५ − २क्ष = १३
−२क्ष = ८ (दोन्हीकडून ५ वजा)
क्ष = −४ (दोन्हीकडे −२ ने भागलं)
ताळा: ५ − २ × (−४) = ५ + ८ = १३

ताळ्यात ऋण किंमत कंसातच घालायची. कंस गाळला की ते ५ − २ − ४ वाचलं जातं आणि बरोबर आलेलं उत्तरही मुलं खोडतात.

खडूफळा:
आधी −३ − ५ किती, ते विचारा. ८ म्हणाली तर समीकरणं थांबवून तेच पक्कं करा. ‘मायनस मायनस प्लस’ हे गुणाकार-भागाकारात खरं, दोन ऋण संख्यांच्या बेरजेत नाही. ३ रुपयांच्या उधारीवर आणखी ५ ची उधारी केली तर उधारी ८ ची होते, म्हणजे −८. ऋण म्हणजे कर्जच की! ब्रह्मगुप्तानेही ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धान्तात बेरजेचे आणि गुणाकाराचे नियम वेगवेगळे दिले आहेत.

पाटीपेन्सिल:
विचारलं. ८ च म्हणाली! उधारीचं लगेच पटलं. आता −३(क्ष − ४) = १८ सारखी कंसाची गणितं?

उकल:
तिथे −३क्ष − १२ लिहिलं जातं, कारण −३ ने फक्त पहिल्या पदाला गुणताना वजा लक्षात राहतो, दुसऱ्याला नुसत्या ३ ने गुणतात. बरोबर विस्तार −३क्ष + १२. पण इथे कंस सोडवायची गरजच नाही. १८ ला −३ ने भाग जातो, तेव्हा आधी भागा: क्ष − ४ = −६, म्हणून क्ष = −२.

खडूफळा:
आणि क्ष दोन्हीकडे असेल तर सहगुणक (क्षला गुणलेली संख्या) धन राहील त्या बाजूला गोळा करा. २ − ३क्ष = ४क्ष + १६ मध्ये दोन्हीकडे ३क्ष मिळवा: २ = ७क्ष + १६, पुढे −१४ = ७क्ष, क्ष = −२. ऋण संख्येने भागायची वेळच येत नाही.

सरावाला ही चार द्या: −क्ष = ७; ४ − क्ष = ९; −२(क्ष + ३) = −१०; १ − ५क्ष = २क्ष + २२. उत्तरं −७, −५, २, −३. तिसऱ्याचं मुद्दाम धन ठेवलंय, नाहीतर मुलं अंदाजाने वजा लावून मोकळी होतात.