खिजरी तलावात पुन्हा नावा सोडाव्यात का?

बेगमपुरेकर: खिजरी तलाव, म्हणजे आजचं सलीम अली सरोवर, आणि समोरची जवळपास ३०० एकरांची हिमायत बाग या दोन्ही छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) दिल्ली दरवाजाबाहेरच्या जागा. १६८२ साली शहराचा तट बांधला गेला, त्याच्या बाहेर हवा खायला जायचं ते इकडे. पुढे सरोवराकाठी महापालिकेची बाग झाली, नौकाविहारही होता. आता शहराने तलाव चहूकडून वेढलाय. रस्त्याकडच्या निम्म्या पाण्यात, सकाळी ९ ते ११, पायडलच्या चार-पाच नावा सोडायला काय हरकत आहे? दोरीला रिकामे डबे बांधले की हद्द आखता येते.

टिबुकली: नाव हद्दीत थांबेल, लाट थांबत नाही. टिबुकली म्हणजे बुड्या मारणारा छोटा पाणपक्षी, तिचं घरटं पाण्यावर तरंगतं, पाणवनस्पतींना अडकवलेलं, काठ जेमतेम बोटभर वर. लाट आली की अंडी भिजतात. ही वीण मुख्यतः पावसाळ्यातली. हिवाळ्यात पाहुणी बदकं उतरतात आणि दिवसा पाण्यावरच विसावतात. नाव जवळ आली की सगळा थवा उठतो. उरला उन्हाळा, तेव्हा पाणी आटून गाळ वर येतो आणि पायडल रुततं. मग नावा कोणत्या महिन्यात सोडायच्या? पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली होती, मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. त्यांचं नाव दिलंय तर पक्ष्यांचा हक्क आधी धरा.

बेगमपुरेकर: हंगामाचं पटलं. मग नावा हर्सूल तलावात न्या.

खापरी नळ: हर्सूलचं पाणी शहराचा काही भाग पितो. तिथे नावा, खाऊच्या गाड्या, प्लास्टिक? नकोच.

आणि इथे भांडण नावांवरून चाललंय, मूळ दुखणं पाण्याचं आहे. मलिक अंबरच्या नहरीपासून, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या पाटापासून, या गावाच्या बागा खापरी नळांनी आलेल्या पाण्यावर जगल्या. पाणचक्कीच्या हौदावर माणसं आजही रेंगाळतात ती वाहत्या पाण्यासाठी. सांडपाणी शिरणाऱ्या तलावावर कोण रेंगाळेल? त्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी पोसते, अनुकूल हवेत पंधरवड्यात दुप्पट होते. वरवर कापली तर अंकुर असलेला प्रत्येक तुकडा नवं रोप होतो. काढून काठावर ढीग घातला तर कुजलेलं खत पहिल्याच पावसात परत पाण्यात. मुळासकट, फुलं येण्याआधी, पाणी कमी असताना काढायची आणि त्याच दिवशी लांब न्यायची. बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं, म्हणून एका मोहिमेने भागत नाही. आणि नाल्याचं तोंड आधी वळवलं नाही तर हा सगळा खर्च फुकट.

टिबुकली: सगळी जलपर्णी एकदम काढू नका मात्र. पाणकोंबड्यांना दुसरा आडोसा हवा, काठचं पाणकणीस राखून टप्प्याटप्प्याने काढा.

कलमवाला: हिमायत बागेवरही कुणाची नजर जायला नको. तिथे कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. कलमाच्या काड्या मातृवृक्षांवरून घेतात. फांदीवर पोरं लोंबकळली, बुंध्याशी चूल पेटली की साल भाजते आणि झाड कलमाच्या कामातून जातं. शिवाय शाही बागा सगळ्यांसाठी खुल्या कधी होत्या? 'पूर्वी लोक जायचे' हा दाखला सांभाळून द्या.

बेगमपुरेकर: शाही बागेचा दाखला मागे घेतो, महापालिकेच्या बागेचा घेत नाही, ती लोकांचीच होती. नावांचा हट्टही सोडला. पण पूर्ण कुंपण मला मान्य नाही. ज्या तलावाकडे कुणी बघत नाही, तिथे रात्रीतून भराव पडला तरी ओरडणारं कुणी नसतं. रस्त्याच्या बाजूने दोन मीटर रुंद मुरमाची वाट, दिवे नाहीत, पाण्याकडे झुडपांची आड, मध्ये दोन निरीक्षणाच्या खिडक्या. सूर्यास्ताच्या तासभर आधीच फाटक बंद, म्हणजे बगळे निवांत रातथाऱ्याला येतील.

टिबुकली: कुत्री आणि पाव टाकणारे आवरणार असाल तर एवढ्याला माझी ना नाही. वाट उरलेल्या तीन बाजूंना वाढवायची भाषा निघाली की मी पुन्हा विरोधात.

खापरी नळ: आधी नाला. वाट नंतर.