जीवशास्त्रातील पीएच.डी.नंतर प्राध्यापकीबाहेरच्या वाटा : सल्ला हवा आहे (मंचावरील चर्चा; प्रत्येक प्रतिसादाच्या वर सदस्याचे टोपणनाव)

मृद्गंध

नमस्कार. सूक्ष्मजीवशास्त्रातील माझा प्रबंध पुण्यातील एका संशोधन संस्थेतून नुकताच सादर झाला आहे आणि मौखिक परीक्षा येत्या काही महिन्यांत अपेक्षित आहे. सह्याद्रीतील मातीतून वेगळ्या केलेल्या स्ट्रेप्टोमायसीस जिवाणूंची बुरशीरोधक संयुगे हा माझा विषय होता. जिवाणू वाढवणे, संयुगे शुद्ध करणे, क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातील घटक वेगळे करणे) आणि मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणू वस्तुमानावरून ओळखणे), जनुकसंचाचे थोडेफार विश्लेषण आणि शोधनिबंधांचे लेखन एवढे काम मी स्वतः केले आहे. एसआरएफ ही दरमहा 42,000 रुपयांची वरिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती संपली आहे, त्यामुळे निर्णय फार लांबवता येणार नाही.

परदेशात पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचे तात्पुरते संशोधन) करून परतल्यावर प्राध्यापकपदाच्या जाहिरातींची वाट पाहणे किंवा तोवर तासिका तत्त्वावर शिकवणे, हे दोन्ही पर्याय मी विचारपूर्वक बाजूला ठेवले आहेत; म्हणून त्या दिशेचा सल्ला कृपया नको. पेटंटचे काम, वैद्यकीय लेखन आणि औषध किंवा जैवतंत्रज्ञान कंपनीतील संशोधन अशा तीन वाटा डोळ्यांसमोर आहेत. यांपैकी कोणत्या कामात पीएच.डी.चा खरोखर उपयोग होतो आणि कोठे एम.एस्सी. झालेली व्यक्ती तेच काम तितक्याच चांगल्या रीतीने करते, हे मला प्रामुख्याने जाणून घ्यायचे आहे. पुणे किंवा मुंबई सोयीचे. परंतु बेंगळुरू किंवा हैदराबादला जाण्याची तयारी आहे.

दावा क्रमांक एक

मी पेटंटच्या कामात बरीच वर्षे आहे, म्हणून त्याविषयीच सविस्तर लिहितो. बाकीच्या वाटांवर जाणकार मंडळी लिहितीलच.

आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर असे की या क्षेत्रात पीएच.डी.ला किंमत आहे, पण ती कायद्याने दिलेली नसून कामाने दिलेली आहे. पेटंट कायदा 1970 च्या कलम 126 नुसार पेटंट एजंट, म्हणजे अर्जदाराच्या वतीने पेटंट कार्यालयात काम पाहणारा, होण्यासाठी भारतीय नागरिकत्व, वयाची 21 वर्षे पूर्ण असणे आणि विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानातील पदवी पुरेशी असते. कायद्याची पदवीही लागत नाही. मात्र त्यासोबत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते; तीत प्रत्येकी 100 गुणांच्या दोन लेखी प्रश्नपत्रिका आणि 50 गुणांची मौखिक परीक्षा असते. दोन्ही लेखी प्रश्नपत्रिकांत किमान 50 टक्के आणि एकूण 60 टक्के गुण मिळवावे लागतात. अडचण एवढीच की ही परीक्षा दरवर्षी नेमाने होत नाही. 2018 नंतरची परीक्षा थेट 2023 मध्ये झाली आणि तिच्यानंतरची जानेवारी 2025 मध्ये. म्हणून परीक्षेची वाट पाहत घरी अभ्यास करत बसू नये. नोंदणी नसतानाही विधी संस्थांमध्ये विश्लेषक किंवा सहायक म्हणून घेतात, आणि अभ्यासापेक्षा ते काम करतानाच कायदा अंगवळणी पडतो.

काम काय असते, ते आपल्याच विषयावरून सांगतो. निसर्गात आढळणारा सजीव केवळ शोधून काढला म्हणून त्यावर पेटंट मिळत नाही. कलम 3(सी) तेथेच अडवते. मात्र त्या जिवाणूपासून संयुग मिळवण्याची नवी पद्धत किंवा त्या संयुगाचे एखादे विशिष्ट मिश्रण पेटंटपात्र ठरू शकते. संयुग ज्ञात असेल आणि आपण त्याचा नवा क्षार किंवा नवे रूप मांडत असाल, तर कलम 3(डी) पुढे येते; 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिवेक या कर्करोगावरील औषधाच्या प्रकरणात याच कलमाचा अर्थ लावला आणि तेव्हापासून वाढीव परिणामकारकता दाखवल्याशिवाय अशा दाव्यांचा निभाव लागत नाही. जिवाणूचे वर्णन शब्दांत पुरे होत नसल्यामुळे तो बुडापेस्ट कराराखालील (पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार) मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा लागतो. असा एक संग्रह, म्हणजे राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र, पुण्यातच आहे. शिवाय भारतातील जैविक संसाधन वापरले असल्यामुळे जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडील पूर्तता वेगळीच. हे सर्व ध्यानात घेऊन दावे (शोधाच्या नेमक्या कोणत्या भागावर हक्क मागतो ती विधाने) असे लिहायचे की ते अर्जदाराच्या प्रयोगांपलीकडे जाणार नाहीत आणि प्रतिस्पर्ध्याला सहज वळसाही घालता येणार नाही. येथे प्रयोगवहीतील आकडे वाचून त्यांचा अर्थ लावता येणारा माणूस लागतो, आणि तो बहुधा पीएच.डी.च असतो.

आधीचे ज्ञान शोधून काढण्याचे काम कंटाळवाणे म्हणून हिणवले जाते, ते मला पटत नाही. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावरचे अमेरिकी पेटंट 1997 मध्ये रद्द झाले ते डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने) जुने छापील संदर्भ शोधून पुढे ठेवल्यामुळेच. त्यामागे अशाच शोधाचे कष्ट होते.

तोट्यांचेही सांगितले पाहिजे. पेटंट कार्यालयाच्या पहिल्या परीक्षण अहवालाला सहा महिन्यांत उत्तर द्यावे लागते, त्यापुढे तीन महिन्यांची मुदतवाढ मिळते. पण अशिलाच्या सूचना नेहमी शेवटच्या आठवड्यात येतात. कामाचे तास मोजून देयके निघतात. पहिली दोन वर्षे आपला मसुदा लाल शाईने भरून परत येतो, आणि प्रबंध लिहून झालेल्या माणसाला ते जड जाते. प्रयोगशाळेशी संबंध तर पूर्णच तुटतो.

सरकारी बाजूने पेटंट परीक्षक हे राजपत्रित पद आहे; 2023 मध्ये 553 पदांची जाहिरात निघाली होती आणि तीत जैवतंत्रज्ञान हा विषय होता. वयोमर्यादा सर्वसाधारण गटासाठी 35 वर्षे होती. तेवढ्यासाठी थांबू नका, परंतु जाहिरातींवर लक्ष ठेवा.

किण्वक

वरील प्रतिसाद उत्तम आहे. पण त्यातून पीएच.डी.ची किंमत केवळ टेबलावरच होते असा समज होऊ नये, म्हणून लिहितो. मी पुण्यातच जैविक औषधांच्या निर्मितीत आहे.

एम.एस्सी.बरोबरच्या तुलनेचे उत्तर विभागानुसार बदलते. गुणवत्ता नियंत्रणात ठरलेल्या चाचण्या ठरलेल्या पद्धतीने करायच्या असतात, तेथे एम.एस्सी.नंतर चार वर्षे जीएमपीत (औषधनिर्मितीच्या काटेकोर नियमांखालील कामात) काढलेली व्यक्ती तुमच्यापेक्षा सरस असते आणि पदानेही वर असते, हे स्वीकारूनच जावे लागते. प्रक्रिया विकसन आणि विश्लेषण पद्धतींचे विकसन या दोन विभागांत मात्र चित्र वेगळे आहे. तुम्ही ज्या जिवाणूंवर काम केले त्यांचेच उदाहरण घ्या. स्ट्रेप्टोमायसीस तंतुमय वाढतो. फ्लास्कमध्ये छान उत्पादन देणारा तोच वाण मोठ्या किण्वकात (जिवाणू वाढवण्याच्या टाकीत) गेला की द्रव घट्ट होतो, प्राणवायू आतपर्यंत पोहोचत नाही, ढवळण्याचा वेग वाढवावा तर तंतू तुटतात आणि फेस येतो तो वेगळाच. काय बिघडले हे ठरवण्यासाठी प्रयोग कसा रचायचा, हे पाच-सहा वर्षे फसलेल्या प्रयोगांशी झगडलेल्या माणसाला चांगले कळते.

माझ्या मते तुमच्या यादीतील सर्वांत विकाऊ कौशल्य मास स्पेक्ट्रोमेट्री आहे आणि तुम्ही ते ओझरते लिहिले आहे. बायोसिमिलर, म्हणजे मूळ जैविक औषधाची नंतर आलेली समतुल्य आवृत्ती, मूळ औषधासारखेच आहे हे सिद्ध करताना रेणूचे बारकाईने वर्णन करावे लागते, आणि ते काम जाणणाऱ्यांची वानवा असते. तुमचा अनुभव लहान संयुगांचा असला तरी पाया तोच आहे. प्रथिनांच्या विश्लेषणाची तयारी मात्र मुलाखतीआधी करा. हडपसरला सीरम, हिंजवडीला जिनोव्हा, औद्योगिक किण्वनात रस असेल तर प्राज, आणि बेंगळुरूला बायोकॉन व सिंजीन, एवढ्या ठिकाणच्या जाहिराती पाहिल्या तरी कोणती कौशल्ये मागतात याचा अंदाज येईल.

एक सवय आजपासूनच लावून घ्या : नोंद काम करताना त्याच क्षणी करायची, खोडायचे तर एक रेघ मारून सही आणि तारीख घालायची. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत चिठोऱ्यांवर आकडे लिहून रविवारी वहीत उतरवणारे आपण सगळेच असतो. कारखान्यात तो गंभीर दोष मानला जातो.

मृद्गंध

दोघांचे मनापासून आभार. मास स्पेक्ट्रोमेट्रीकडे मी केवळ साधन म्हणून पाहत होते, ते वेगळे कौशल्य म्हणून मांडता येईल हे सुचले नव्हते. वैद्यकीय लेखनाविषयी कोणी सांगू शकेल का? तसेच क्लिनिकल रिसर्चचे सशुल्क पदविका अभ्यासक्रम ‘नोकरीच्या हमीसह’ म्हणून जाहिरात करतात, त्यांचा उपयोग होतो का?

उपांत्य मसुदा

पदविकेपासून सुरुवात करते, कारण त्यात पैसे जातात. पीएच.डी. झालेल्या व्यक्तीला तिची गरज मला तरी कधी दिसलेली नाही. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचे (माणसांवरील औषधचाचण्यांच्या नियमांचे) प्रशिक्षण विनामूल्य मिळते, आयसीएच या औषधनियमनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे कोणालाही वाचता येतात, आणि निवड शेवटी लेखी चाचणीवर होते. नोकरीची हमी देणाऱ्या संस्थेला आधीच्या तुकडीतील विद्यार्थी कोणत्या पदावर लागले ते विचारा. उत्तर बहुधा औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी भरण्याचे काम असे येते. ते काम कमी प्रतीचे नाही, पण त्यासाठी प्रबंध लिहिण्याची गरज नव्हती.

‘वैद्यकीय लेखन’ या नावाखाली निदान तीन वेगळी कामे येतात. पहिले नियामक लेखन : चाचणीचा आराखडा, आयसीएच ई3 नुसार लिहायचा चाचणी अहवाल, औषधाच्या मंजुरीसाठीच्या कागदपत्रांतील सारांश. येथे वाक्य सुंदर असण्यापेक्षा तक्त्यातील प्रत्येक आकडा मजकुराशी जुळणे महत्त्वाचे असते, आणि संख्याशास्त्रज्ञ, डॉक्टर व प्रकल्प व्यवस्थापक अशा तिघांच्या परस्परविरोधी सूचना एका मसुद्यात बसवाव्या लागतात. दुसरे, वैद्यकीय उपकरणांचे मूल्यमापन अहवाल. युरोपीय संघाचा 2017/745 हा नियम मे 2021 पासून लागू झाल्यावर या कामाला भारतातूनही मागणी वाढली. तिसरे, शोधनिबंधांचे संपादन आणि प्रचारात्मक साहित्य. संपादन घरबसल्या करता येते म्हणून अनेकांना आकर्षक वाटते, परंतु शब्दांवर मोबदला मिळतो आणि निव्वळ भाषा सुधारण्याचे काम आता यंत्रे करू लागली आहेत. नव्याने येणाऱ्यांनी त्यावर संपूर्ण चरितार्थ अवलंबून ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आपला विषय रुग्णांशी संबंधित नाही, ही अडचण येईल. पण ती पार करता येण्याजोगी आहे. एखाद्या प्रसिद्ध झालेल्या बुरशीरोधक औषधाच्या चाचणीचा निबंध घेऊन त्याचा दोन पानी सारांश एकदा तज्ज्ञांसाठी आणि एकदा सामान्य वाचकांसाठी लिहा. हे नमुने अर्जासोबत असले की शोधनिबंधांच्या यादीपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

जालनेकर

तिन्ही वाटांपेक्षा वेगळी, चौथी वाट सुचवतो, कारण बुरशीरोधक स्ट्रेप्टोमायसीस म्हटल्यावर मला शेतीच आठवली. जैविक कीडनाशकांना कीटकनाशक कायदा 1968 खाली फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे नोंदणी करावी लागते. बायोस्टिम्युलंट (पिकांची वाढ वा पोषणशोषण सुधारणारे पदार्थ) 2021 पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आले आहेत. परिणामकारकता, विषारीपणा, साठवणुकीतील टिकाऊपणा यांची माहिती जमवून कागदपत्रे उभी करणारी, आणि वाण उन्हाळ्यात गोदामात का मरतो याचे उत्तर शोधणारी माणसे राज्यातील कंपन्यांना हवी असतात. पगार औषध कंपन्यांपेक्षा बहुतेक कमी असतो आणि काही लहान उत्पादकांची गुणवत्ता पाहून मन विषण्ण होते, हे लपवत नाही. पण आपल्या विषयाला सरळ चिकटून राहायचे असेल तर याहून जवळचे काम नाही.

किण्वक

जालनेकरांच्या मुद्द्याला जोडून एवढेच : वाण खरोखर दमदार असेल, तर पाषाणच्या व्हेंचर सेंटर या नवउद्योगांना आधार देणाऱ्या केंद्रात एकदा बोलून या. बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगांना साहाय्य करणाऱ्या सरकारी संस्थेच्या बिग योजनेत 18 महिन्यांसाठी 50 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. मात्र शोधाची मालकी संस्थेकडे असते, तेव्हा आधी संस्थेचे धोरण वाचा.

मृद्गंध

सर्वांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. स्वतःचा उद्योग काढण्याची माझी वृत्ती नाही. विश्लेषण पद्धतींचे विकसन आणि पेटंट या दोहोंसाठी अर्ज करायचे असे ठरवले आहे. ‘दावा क्रमांक एक’ यांना शेवटचा प्रश्न : विधी संस्थेकडे अर्ज करताना वैद्यकीय लेखनासारखा नमुना देता येतो का, आणि तो माझ्याच प्रबंधावर आधारलेला असावा का?

दावा क्रमांक एक

नमुना अवश्य द्या, पण स्वतःच्या प्रबंधावरचा नको. त्यातील अप्रकाशित माहिती बाहेर गेली तर आपल्या संस्थेच्या संभाव्य अर्जाची नवीनता धोक्यात येईल. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर परीक्षण अहवाल आणि त्यांना दिलेली उत्तरे कोणालाही पाहता येतात. सूक्ष्मजीवांशी संबंधित एक अर्ज निवडा, परीक्षकाचे आक्षेप वाचा, वकिलाचे उत्तर न पाहता स्वतःचे उत्तर तीन पानांत लिहा आणि मगच दोन्ही ताडून पाहा. आपले उत्तर जेथे वेगळे निघाले ते ठिकाण आणि त्याचे कारण शेवटी एका परिच्छेदात नोंदवा. मुलाखतीत चर्चा त्या परिच्छेदावरच होईल.