गच्चीच्या मेम्ब्रेनला भेगा: पॅच पुरेल की सगळं उखडावं?

मदत हवी आहे. पुण्यातली चार मजली इमारत, गच्ची १४०० चौरस फूट. ४ मिमी एपीपी मेम्ब्रेन (प्लास्टिक मिसळलेल्या डांबराची, पाणी अडवणारी चादर), वर अ‍ॅल्युमिनियम पेंट. सात वर्षं झाली, पेंट जवळजवळ गेलाय. मध्यभागी सुसरीच्या पाठीसारख्या बारीक भेगा, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेने दहा फूट लांब चीर, टाकीजवळ चार-पाच फुगे. खालच्या बेडरूमच्या छताला ओल. एक कंत्राटदार जुन्यावरच नवा थर टाकू म्हणतो, दुसरा सगळं उखडायला सांगतो. पाऊस तोंडावर आलाय. ठरवायचं कशावरून?

प्रतिसाद १
ही तीन वेगळी दुखणी आहेत.

बारीक भेगा उन्हाच्या. पेंट गेला की डांबर थेट तापतं, त्यातला तेलकट अंश उडतो, थर कडक होतो आणि रात्री निवताना तडकतो. ब्रशने धूळ काढून पाहा. आतला पॉलिस्टरचा थर उघडा पडला नसेल तर भेग वरवरची आहे. पॉलिस्टर दिसलं, तर तिथून पाणी आत शिरतंय असं धरा.

पॅरापेटची चीर जास्त गंभीर. भिंत आणि स्लॅब वेगवेगळे हलतात. कोपऱ्यात सिमेंटचा वाटा (काटकोन भरणारा तिरका किंवा गोलसर उतार) नसेल तर मेम्ब्रेन काटकोनात वळते आणि तिथेच तुटते. कोपरा अंगठ्याने दाबा. आत पोकळी लागली तर वाटा केलेलाच नाही.

फुगे म्हणजे खाली अडकलेली ओल, उन्हात तिची वाफ होते. म्हणून भेगा सकाळी गारव्यात तपासा (दुपारी डांबर सैलावून त्या मिटतात) आणि फुगे दुपारी तीनला. दोन्हींभोवती खडूने खुणा करा.

प्रतिसाद २
कापून पाहिल्याशिवाय कुणालाच पैसे देऊ नका. १५ × १५ सेंमीचे तीन तुकडे काढा: चांगल्या जागी, फुग्यावर, बेडरूमच्या वर. तुकडा सिमेंटचे कण घेऊन निघाला तर पकड ठीक. सहज सुटला आणि खाली ओल दिसली तर पाणी पसरलंय. सुटलेल्या मेम्ब्रेनखालून ते लांबवर वाहतं, त्यामुळे छतावरचा डाग गळतीच्या बरोबर खाली असेलच असं नाही. कापलेल्या जागा त्याच दिवशी बंद करा.

मग पाणी साठवून चाचणी. ५० मिमी पाण्याचं वजन चौरस मीटरला ५० किलो, अख्ख्या गच्चीवर साडेसहा टन. स्लॅब जुना असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. वाळू-सिमेंटचे बांध घालून एकेक भाग ४८ तास भरा. शेजारी पाण्याने भरलेलं उघडं घमेलं ठेवा. गच्चीची पातळी घमेल्यापेक्षा जास्त उतरली तर ती गळती, बाष्पीभवन नव्हे.

धागाकर्ता
ओल फक्त फुग्यांखाली आणि पॅरापेटलगत निघाली तर?

प्रतिसाद २
तर सगळं उखडायची गरज नाही. पॅरापेटलगतची पट्टी काढून स्लॅब सुकवा, ५० ते ७५ मिमीचा वाटा करा, तो पूर्ण वाळल्यावर प्रायमर (मेम्ब्रेन नीट चिकटावी म्हणून आधी लावायचा पातळ हात), आणि नवी मेम्ब्रेन भिंतीवर किमान १५० मिमी चढवून भिंतीत कापलेल्या खाचेत दाबा. फुगे फुलीसारखे चिरून वाळवा, टॉर्चने (गॅसच्या ज्योतीने) तापवून चिकटवा, पॅच चहूबाजूंनी १५० मिमी पुढे न्या, कोपरे गोल ठेवा. शेवटी सगळीकडे अ‍ॅल्युमिनियम पेंटचे दोन हात. ओल गच्चीच्या पाव भागाहून जास्त पसरली असेल तर मात्र उखडाच. ओल्यावर नवा थर टाकला तर पुढच्या उन्हाळ्यात तोही फुगतो.