पॅरिसात शाकाहारी जेवण कुठं?

दारव्हेकर: आईबाबा पॅरिसले चालले. माळकरी आहेत, अंडंही चालत नाही. जेवाचं कसं?

वऱ्हाडी: गार द्यू नोर स्टेशनाजवळ, ला शापेलकडं जा भाऊ. तमिळ खानावळी आहेत, डोसा-इडली भेटते. मारे भागात र‍्यू दे रोझिए गल्लीत फलाफल, म्हणजे हरभऱ्याचे तळलेले वडे. पण तिथली बरीच दुकानं ज्यू लोकांची, शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारी बंद. तिखटाची पुडी न्या, त्यांच्या हरिस्यानं, म्हणजे लाल मिरचीच्या चटणीनं, आपलं भागत नाही.

पांढरकवडा: कांद्याचं सूप टाळा, त्यात बहुधा गोमांसाचा रस्सा असते. क्रेपच्या, म्हणजे तिथल्या पातळ धिरड्याच्या, पिठातच अंडं! कुट्टूच्या पिठाचं धिरडं, त्याले गालेत म्हणतात, त्यावरही अंडं फोडतात, पीठही विचारून घ्या.

वऱ्हाडी: अन् दुपारी १२ ते २ मधेच जेवा, मग बऱ्याच ठिकाणी ७ पर्यंत चूल बंद. पाण्याले 'यून काराफ दो' म्हणा, नळाचं, फुकट.