मदत हवी आहे: ग्रीस मारल्यावर ओबीएमचं स्टेअरिंग जाम, एकाच बाजूला वळतंय

येलदरीकाठ:
येलदरी धरणात चालणारी १८ फुटी फायबर बोट आहे, मागं ४० एचपीचं ओबीएम, म्हणजे बाहेरून लावलेलं इंजिन. स्टेअरिंग केबलचं आहे, हायड्रॉलिक नाही. पाणी खाली गेल्यावर बोट तीन महिने काठावर उभी होती. आता स्टेअरिंग जड लागायलं म्हणून टिल्ट ट्यूबच्या (केबलचं टोक जिथून सरकतं ती इंजिनाची आडवी नळी) निप्पलवर ग्रीस गनचे दहा-बारा ठोके मारले, तर उलटच झालं. डावीकडं वळतंय, उजवीकडं अर्ध्यात थटतंय. जोर लावला की चाक रबरासारखं मागं येतंय. मिस्त्री म्हणायलाय गॅसनं ट्यूब तापवू. तापवावी, का सरळ केबलच बदलावी?

पाना_बारा:
गॅस अजिबात नको. केबलचं वरचं आवरण प्लास्टिकचं असतं आणि पेट्रोलचा पाइप तिथून हातभर अंतरावर जातो. एक सांगा, ग्रीस मारलं तेव्हा केबलच्या टोकाची स्टीलची सळई ट्यूबच्या बाहेर होती का आत?

येलदरीकाठ:
बाहेर. आधी पुसून घेतली, मग मारलं.

पाना_बारा:
मग तिथंच घोडं पेंड खातंय. सळई बाहेर असली की ट्यूब आतून रिकामी असते आणि तुमचं सगळं ग्रीस त्या पोकळीत भरतं. सळई परत आत यायला लागली की ग्रीसला निघायला वाट नसते, आणि ते काही दाबून लहान होत नाही. म्हणून बाहेर जाताना, म्हणजे डावीकडं, वळतंय आणि आत येताना थटतंय. चाक मागं येतं ते केबलला पीळ बसल्यामुळं. आता जोर लावू नका, केबल मुडपली तर खरंच बदलावी लागेल.

बोट काठावर, चावी काढलेली. सळई आणि इंजिनचा हात जोडणारा लिंक रॉड आधी सोडवा. मग निप्पल पूर्ण काढून ठेवा आणि चाक सावकाश उजवीकडं फिरवा, थांबत थांबत. भोकातून ग्रीस शेवयांसारखं बाहेर येईल. येतच नसेल तर आतलं जुनं ग्रीस वाळून दगड झालंय. तसं असेल तर ट्यूबच्या तोंडावरचा केबलचा मोठा नट सोडून केबल अख्खी बाहेर ओढावी लागेल. अडली तर सळईच्या टोकावर लाकडाचा ठोकळा धरून ठोका. थेट हातोडा मारला तर टोक फुगतं आणि मग ती ट्यूबमधून निघतच नाही.

मिस्त्री_नांदेड:
वरचं बरोबर आहे, पण हे ग्रीस मारायच्या आधीच स्टेअरिंग जड होतं, ते विसरू नका. लिंक रॉड सुटलेला आहे तोवर इंजिन दोन्ही हातांनी डावं-उजवं ढकलून बघा. एका माणसाला सहज हललं पाहिजे. नाही हललं तर दोष केबलचा नाहीच, स्विव्हल ब्रॅकेटचे (इंजिन ज्यावर डावं-उजवं फिरतं तो भाग) बुश सुकलेत. तिथले निप्पल वेगळे असतात; इंजिन हलवत हलवत काळं ग्रीस निघून स्वच्छ दिसेपर्यंत मारा.

इंजिन हलकं निघालं तर केबल ट्यूबबाहेर काढून नुसतं चाक फिरवा. मोकळं फिरलं तर घाण ट्यूबमध्ये आहे. सळई साधारण ५/८ इंचाची असते. त्या मापाचा गोल तारेचा ब्रश आरपार फिरवा, केरोसीननं धुवा, कापड कोरडं निघेपर्यंत पुसा. सळईवर पॉलिश पेपर हलक्या हातानं. चाक तरीही जड असेल तर केबल आतून गंजलीय. ती बंद असते, तिच्यात तेल-ग्रीस घालून काही होत नाही, बदलायचीच.

जोडताना पाण्यात चालणारं मरीन ग्रीस वापरा, ट्रॅक्टरच्या डब्यातलं कसलंही नको. सळईला बाहेर असताना बोटानं पातळ थर द्यायचा, निप्पलवर गन लावायची ती सळई पूर्ण आत घेऊनच. लिंक रॉडला नायलॉनचा नवाच सेल्फ-लॉक नट घाला. साधा नट हादऱ्यानं सुटतो आणि भर पाण्यात इंजिन मोकळं फिरतं. इंजिनच्या हाताचा बोल्ट घट्ट हवा, पण रॉड जिथं फिरतो तिथला नट आवळून पाव आटा मागं घ्या, नाहीतर तोच परत जड करतो.

येलदरीकाठ:
निप्पल काढल्यावर वाटीभर ग्रीस निघालं, खालचं काळं आणि वाळू चिकटलेलं. इंजिन हातानं हलकं आहे. केबल बाहेर काढली, पण चाक अजून मध्ये एका जागी अडतंय. जाळी ठेवतो त्या कप्प्याखाली केबल मुडपलेली दिसली. नवीन मागवायची तर माप कसं घ्यायचं? आवरणावरचा छापा पुसलाय.

मिस्त्री_नांदेड:
मुडपलीय म्हणजे गेली. फक्त प्लास्टिकच्या आवरणाची लांबी इंचात मोजा. चाकामागचा डबा गोल, रोटरी असेल तर १८ इंच मिळवा, लांब दांड्याचा रॅक असेल तर ३०. बेरीज पुढच्या पूर्ण फुटावर न्या. १३४ आणि १८ म्हणजे १५२ इंच, तर १३ फुटी मागवायची. डब्यावरची कंपनी आणि मॉडेल कळवा, दुसऱ्याची केबल त्यात बसत नाही. टाकताना कुठलंही वळण ८ इंच त्रिज्येपेक्षा आवळू नका, आणि तो जाळीचा कप्पा हलवा.

पाना_बारा:
आणि पुढच्या उन्हाळ्यात बोट काठावर लावाल तेव्हा चाक उजवीकडं पूर्ण फिरवून सळई आत घेऊन ठेवा. बाहेर राहिली की ग्रीसवर वाळू बसते आणि पहिल्याच वळणाला ती आत ओढली जाते.